कॉम्प्युटर झोपेतून उठते पण कीबोर्ड-माऊस काऊन उठत नाही?

भाऊ, तुमी लिहिलं का डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की पॉवर बटन दाबल्यावर स्क्रीन तर येते, पण कीबोर्ड अन् माऊस मेल्यावानी पडून राहते, मग बटन दाबून धरून बंद करा लागते, अन् दुकानवाला म्हणते कीबोर्ड बदला. आधी बदलू नका बाप्पा. मी बदलला होता, एक नाही दोन, अन् दुसरा आणाले तर एसटीनं यवतमाळले गेलो होतो.

माझं गावात छोटंसं सेंटर आहे, दारव्ह्याच्या बाजूनं, सातबारा काढून देणं, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स असं चालते. जुलैचा महिना, पीकविम्याची शेवटची तारीख जवळ, समोर सात-आठ जण कागदं घेऊन बसलेले अन् मी चहा प्यायले बाहेर गेलो तेवढ्यात मशीन झोपली. परत येऊन पाहतो तर लॉक स्क्रीनवर घड्याळ मस्त चालू, 11:42 चे 11:43 झाले डोळ्यासमोर, पण पासवर्ड काही टाकता येईना. बसल्या बसल्या एक बुढा म्हणे, "काऊन बाबू, तुह्या डब्ब्याची बी लाईन गेली का?" सगळे हासले, मी बी हासलो. पण खरं सांगतो, त्या बुढ्यानं बरोबर पकडलं होतं. डब्ब्याले लाईन होती, कीबोर्डाच्या पोर्टालेच नव्हती.

होते असं का स्लीपमध्ये मशीन फक्त रॅमले करंट देत राहते, बाकी सगळं जमेल तेवढं झोपवते. वरून विंडोज वीज वाचवासाठी यूएसबीचे पोर्ट बी झोपवते, अन् उठताना कधी कधी ड्रायव्हर, म्हणजे ते पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, त्या पोर्टाले उठवालेच विसरते. म्हणून आधी एक पाहा. परत असं झालं की नम लॉक दाबा, त्याचा दिवा लागते-विझते का? अन् माऊस उलटा करा, पोटाखालचा लाल दिवा पेटला आहे का? दोन्ही अंधार असले तर पोर्टाले करंटच नाही. दिवे पेटून बी काही हलत नसलं तर ड्रायव्हर अडकला समजा. मग वायर काढून मागच्या दुसऱ्या पोर्टात लावून पाहा, कधी कधी तेवढ्यानंच जागा होते अन् न सेव्ह केलेलं काम वाचते. बटन दाबून धरणं एकदम शेवटी.

आता इलाज. मशीन रीस्टार्ट करा, कीबोर्ड चालू झाला की विंडोजचं बटन अन् एक्स सोबत दाबा, मग एम, डिव्हाइस मॅनेजर उघडते. खाली युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स आहे, त्यात यूएसबी रूट हब नावाच्या जेवढ्या ओळी असतील त्या एकेक उघडायच्या, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जायचं, अन् वीज वाचवासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे तिची टिक काढायची. सगळ्या हबची काढा, मी पहिल्या वेळी एकाचीच काढली अन् दोन दिवस डोकं खाजवत बसलो. मग तिथंच कीबोर्डाच्या अन् माऊसच्या नावावर जाऊन, कॉम्प्युटरले जागं करू द्या, ही टिक लावायची. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही, तिथं कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पाहा, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सापडलं तर डिसेबल करा. माझं काम या दोन गोष्टींनीच झालं.

एवढं करून बी नाही जमलं तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा, ड्रायव्हर घ्या. ते फुकटात सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर नका टाकू, त्यानं नवीनच भानगड होते.

अन् एक, तुमी बी सेंटरवाले असाल तर एकाच स्वस्तातल्या हबवर, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे चार करणाऱ्या डब्बीवर, अंगठ्याची मशीन, पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माऊस सगळं टांगलं असन. तसं नका करू. कीबोर्ड-माऊस सरळ कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा, हब बाकीच्यासाठी ठेवा. वायरलेस असन तर आधी सेल बदलून पाहा, अन् त्याचा डोंगल, म्हणजे पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर, यूएसबी 3 च्या पेनड्राइव्हच्या बाजूले नको, 2.4 गिगाहर्ट्झवाल्या डोंगलले त्याचा त्रास होते.

शटडाऊन करून परत चालू केला तरी तेच रडगाणं, पण रीस्टार्ट केलं की ठीक, असं होत असन तर फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाऊन पूर्ण होतच नाही, विंडोज आपला अर्धा संसार डिस्कवर बांधून ठेवते अन् सकाळी तोच बिघडलेला संसार परत मांडते.

आता आपल्याकडची खास गोष्ट. कीबोर्ड दाबून मशीन उठतच नसन तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, यूएसबीनं उठवायची सेटिंग असते, ती मी चालू केली, चार दिवस चालली, मग आपोआप बंद. परत केली, परत बंद. शेवटी लक्षात आलं का रात्रभर लाईन गेली, त्यात इन्व्हर्टर बी बसला, की सकाळी तारीख बी जुनी दाखवते. बोर्डावरचा सीआर 2032 चा बटन सेल मेला होता! 3 व्होल्टचा चपटा सेल, घड्याळवाल्याकडं बी भेटते, मशीनची पिन काढून बदलायचा, मग बायोसमध्ये जाऊन तारीख अन् सेटिंग परत टाकायची. तुमची तारीख बी मागं जात असन तर हेच पाहा पहिले.

बाकी माझं मत विचारान तर आपल्या भागात डेस्कटॉपले स्लीपमध्ये टाकूच नये. झोपेत असताना लाईन गेली तर रॅममधलं सगळं जाऊ शकते. मी आता फक्त स्क्रीन दहा मिनिटानं बंद होईन एवढंच ठेवलं, अन् जेवाले घरी जातो तेव्हा हायबरनेट करतो, ते डिस्कवर लिहून ठेवते, लाईन गेली तरी फरक नाही पडत. चहाले जाताना तर मशीन चालूच राहू देतो.

नम लॉकचा दिवा लागते का नाही ते पाहून इथंच सांगा, अन् मशीन किती जुनी आहे ते बी. ते दोन कीबोर्ड अजून माझ्याकडं नवेकोरे पडून आहे.