जेवणानंतरची जळजळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, मधुमेही. पंचवटीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जेवून जिना चढले की त्यांच्या छातीत जळजळतं, थांबले की बरं वाटतं. ते पित्ताचं औषध घेतात. अजून काय द्यावं?

हा प्रश्न मुद्दाम आधी घेतला. त्यांना औषध देण्याआधी ईसीजी काढा, आणि तो आजच काढा. चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ हृदयाची असू शकते. मधुमेहात हृदयाचं दुखणं अनेकदा कळ म्हणून जाणवतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, 'गॅस झाला' असं वाटतं. ईसीजी चांगला आला तरी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवाच. बसल्या जागी जळजळ सुरू झाली, घाम फुटला किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकलं, तर सोडा-लिंबू करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

प्रश्न : रविवारी सकाळी मित्रांसोबत मिसळ ठरलेली. दुपारपर्यंत आंबट ढेकरा. मिसळ सोडावीच लागेल का? (गंगापूर रोड)

नाशिककराला मिसळ सोड म्हणणं मलाही जड जातं, आणि बहुतेकांना तशी गरजही नसते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची झडप असते. पोट तुडुंब भरलं की ती सैल पडते आणि आम्ल वर येतं. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून जास्तीची तर्री मागू नका. उपाशीपोटी चहा टाळा. घरी आल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका, मिसळीचा त्रास निम्मा तिथेच असतो. पडायचंच तर डाव्या कुशीवर. वामकुक्षी म्हणजे तीच. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

प्रश्न : अंबडला रात्रपाळी असते. सहा महिने रोज जेवण झाल्यावर पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेतो, तरी त्रास आहेच. गुडघ्यासाठी अधूनमधून पेनकिलरही घेतो.

गोळीची वेळ चुकतेय. जठरात आम्ल सोडणारे पंप जेवताना कामाला लागतात. गोळी त्याआधी रक्तात पोचायला हवी, म्हणजे जेवणाआधी अर्धा ते एक तास. पाळीवर जाण्याआधी नीट जेवा, मध्यरात्री हलकं खा, आणि सकाळी घरी आल्या आल्या भरपेट नाश्ता करून झोपू नका.

मला जास्त काळजी पेनकिलरची वाटते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि व्रण होऊ शकतो. गुडघ्यासाठी दुसरा पर्याय डॉक्टरांकडून घ्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचीही तपासणी करा. व्रणामागे हा जिवाणू असतो हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तो सापडला तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावा लागतो. या जिवाणूसाठी श्वासाची तपासणी असेल तर त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवतात, पण डॉक्टरांना विचारून. पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालली तर रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ सुद्धा तपासा.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका.

प्रश्न : खायचा सोडा की थंड दूध? (नाशिकरोड)

दुधानं घटकाभर थंड वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात. चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी त्याला हात लावू नये.