मुदतवाढीचे कलम आणि अंगठ्याखालचा आकडा

वणी तालुक्यातील एका ३४ वर्षांच्या फुटबॉलपटूंचा करार ३१ मे रोजी संपत आहे. क्लबने त्यांना एका पानाचे मुदतवाढीचे पत्र दिले असून त्यात एक वर्ष पक्के, दुसरे वर्ष ‘मूळ करारात ठरलेले सामने खेळल्यास’ आणि ‘इतर अटी पूर्वीप्रमाणे’ असे लिहिले आहे. दोन महिन्यांचा पगार थकला आहे. सही करावी का आणि पगार किती कमी घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. कबड्डीपटूंकडूनही असेच प्रश्न माझ्याकडे येतात. या फुटबॉलपटूंना माझे उत्तर असे.

तुम्ही मूळ कराराचे जे फोटो पाठवले, त्यांतील चौथ्या पानावर तुमचा अंगठा नेमका सामन्यांच्या आकड्यावर आला आहे आणि सही केलेली प्रत तुमच्याजवळ नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते तेव्हा धान्य किती पोती, हेसुद्धा चार माणसांसमोर बोलले जाते. तुम्ही मात्र तीन वर्षे ज्या कागदावर पोट भरले, त्याची प्रतही मागितली नाही.

आकडा कोणताही निघो, खरी अडचण वेगळीच आहे. तुम्हाला मैदानात उतरवायचे की नाही, हे क्लबचा प्रशिक्षक ठरवतो. त्यामुळे अट पुरी व्हायला एक सामना उरला असताना त्याने तुम्हाला बाकावर बसवले, तर त्याला करारभंग म्हणणे फार कठीण आहे. शिवाय ‘खेळणे’ म्हणजे सुरुवातीच्या अकरांत असणे की ८५व्या मिनिटाला बदली म्हणून उतरणे, हेही पत्रात नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाची अट अशी लिहून घ्या: ‘खेळाडू तंदुरुस्त व निवडीसाठी उपलब्ध असलेला प्रत्येक अधिकृत सामना मोजला जाईल, क्लबच्या सामन्यात अथवा सरावात झालेल्या दुखापतीमुळे हुकलेला सामनाही मोजला जाईल. ही मोजणी क्लब ३१ मार्चपर्यंत लेखी कळवील. न कळवल्यास मुदतवाढ झाली असे मानले जाईल.’ तंदुरुस्तीचा निर्णय एकट्या क्लबच्या डॉक्टरवर सोडू नका.

पगार किती घटवावा, हे मी सांगणार नाही. थोडा कमी पण पक्का पगार आणि वर सामन्यागणिक रक्कम, ही मांडणी या वयात मला न्याय्य वाटते. दोन महिन्यांचा थकलेला पगार मात्र नव्या कागदात आकड्यानिशी, ‘या करारामुळे तो हक्क संपत नाही’ अशा शब्दांत यायलाच हवा, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम ६२ नुसार जुन्याच्या जागी नवा करार आला की जुना पाळण्याचे बंधन उरत नाही.

नंतर कोर्टात पाहून घेऊ, असे मनात असेल तर ते काढून टाका. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेला करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही. फार तर नुकसानभरपाई मिळते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत तुम्ही मुलांना शिकवत असाल.

फिफाच्या नियमांनुसार कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. हा काळ तुमच्यासाठी डिसेंबरपासूनच सुरू झाला आहे, तो वापरा. त्याआधी मूळ कराराची प्रत क्लबकडे ईमेलने मागा आणि ती आली की चौथे पान मला पुन्हा पाठवा, या वेळी अंगठ्याशिवाय.