रानात फिरायला ४ इंच की ६ इंच?

प्रश्न: मला .४४ मॅग्नम (मोठ्या, जोरदार काडतुसाची) रिव्हॉल्व्हर घ्यायचीय, ट्रेकला कमरेला राहील आणि शिकारीलाही चालेल अशी. बॅरल (नळी) किती इंची घेऊ?

उत्तर: आधी ठरवा की ती जास्त वेळ कमरेला असणारे की हातात, कारण बराच वेळ नुसतं चालणं असेल तर ४ इंची बॅरलच बरी, बसताना टोचत नाही, झुडपात अडकत नाही आणि पटकन बाहेर निघते.

शिकारीचं गणित वेगळं. लांब बॅरलमध्ये दारूच्या गॅसला गोळी ढकलायला जास्त जागा मिळते म्हणून वेग वाढतो, पण माझ्या मते खरा फायदा वेगाचा नाहीच, तो नेमाचा आहे, पुढची आणि मागची साईट (नेम धरायची खूण) एकमेकींपासून जितकी लांब तितकी नेमातली बारीक चूक लवकर दिसते, आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये असं वाटत असेल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. पुढचं वजन वाढल्याने झटकाही जरा कमी उसळतो. आखूड बॅरलचा आवाज आणि भडका मात्र जबरदस्त, कानाला प्रोटेक्शन लावाच.

एकच घ्यायची तर ६ इंच घ्या, छातीवरच्या होल्स्टरमध्ये (रिव्हॉल्व्हर ठेवायच्या म्यानात) ती छान बसते. ७.५ इंच फक्त स्कोप (नेमाची दुर्बीण) लावून शिकार करणार असाल तरच. आणि हो, काही ठिकाणी शिकारीसाठी कमीत कमी बॅरलची अट असते, तिथला नियम आधी बघा.