मुलीला घेऊन अमेरिकेतून माहेरी आले, तर नवरा अपहरणाची केस करू शकतो का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: न्यू जर्सीत राहता, व्हिसा एच-४ (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला), मुलगी चार वर्षांची आणि जन्माने अमेरिकन. नवरा हात उचलतो. मैत्रीण म्हणते, "भारताने हेग करारावर सही केलेली नाही, एकदा विमानात बसलीस की सुटलीस."

मैत्रिणीचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

मी पुण्यात कौटुंबिक वादांची वकिली करते. अशा केसेस आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. तुमच्यासारखीच एकजण दोन बॅगा आणि झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन आली होती. मारहाणीचे फोटो होते म्हणाली, पण ते नवऱ्याच्या नावावरच्या क्लाउडवर, आणि त्याने पासवर्ड बदललेला. तिकडे पोलिसांना एकदाही फोन केलेला नव्हता. का, तर शेजारी सगळे मराठी मंडळातले, उगाच चर्चा नको. इकडे नवऱ्याने हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, टाकला, सोबत तिकडच्या कोर्टाचा ताब्याचा आदेश. आमच्या हातात मुलाचं लसीकरणाचं कार्ड आणि तिचा शब्द, एवढंच.

आता कायदा. १९८०चा हेग करार सांगतो की मूल नेहमी राहत होतं त्या देशातून एका पालकाने परस्पर हलवलं, तर ते लवकरात लवकर परत पाठवायचं. ताबा कोणाला, हे त्या देशातलं कोर्ट ठरवेल. करार लिहिताना डोळ्यासमोर होता तो ताबा हरलेला आणि मूल पळवून नेणारा बाप. प्रत्यक्षात आज मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आयाच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मारहाणीतून सुटलेल्या. करारात कलम १३(१)(ब) ही एक पळवाट म्हणा, खिडकी म्हणा, ठेवलेली आहे: परत पाठवण्यात मुलाला गंभीर धोका असेल तर कोर्ट नाही म्हणू शकतं. पण धोका मुलाला हवा. आईला बसलेला मार त्यात मोजायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं कीस पडलाय. २०२२ साली गोलान विरुद्ध साडा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गंभीर धोका सिद्ध झाल्यावर, मूल तरीही परत कसं पाठवता येईल याचे सगळे उपाय तपासत बसायचं बंधन कोर्टावर नाही. जून २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सँडटनला याच कलमावर आणि घरगुती हिंसेवर आंतरराष्ट्रीय बैठक झाली. वारं थोडं फिरतंय, एवढं नक्की.

भारत बाहेर आहे तो बऱ्याच अंशी याच कारणाने. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हा म्हटलं, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही दिला. पण परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्या बायकांना आपणच परत ढकलायचं का, यावर घोडं अडलं. माझ्या मते ते अडलं ते बरंच झालं, जरी माझे काही वकील मित्र यावर माझ्याशी भांडतात.

पण करार नाही म्हणजे मूल परत जात नाही, असं अजिबात नाही. २०१७ च्या नित्या आनंद राघवन निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीला आईकडे भारतातच राहू दिलं. परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित त्याच्या वर, असं म्हटलं. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये लाहारी सखमुरी प्रकरणात मुलांना अमेरिकेला परत पाठवायला सांगितलं. तिथे आईने स्वतःच आधी अमेरिकेत घटस्फोटाची केस घातलेली होती. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात व्हर्जिनियातल्या कोर्टाचा आदेश मोडून आई आलेली. तिला मुलीसह परत जायला सांगितलं. म्हणजे तिकडे कोर्टात प्रकरण सुरू झाल्यावर तो आदेश डावलून आलात, तर इथे उभं राहणं फार अवघड. नवरा किती लवकर कोर्टात येतो आणि तोवर मूल इथे किती रुळलंय, हेही बघतात.

आणि अमेरिकेत? तिथल्या फेडरल कायद्याने दुसऱ्या पालकाचा हक्क बुडवायच्या हेतूने मूल देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. हिंसेतून पळत होते, हा बचाव त्याच कायद्यात आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. वॉरंट निघालं तर त्या देशात पाय ठेवणं मुश्कील, आणि घटस्फोट झाला की एच-४ तसाही जातो.

म्हणून क्रम उलटा करा. पुन्हा हात उचलला तर ९११ वर पोलिसांना फोन. न्यू जर्सीच्या कोर्टातून तात्पुरता संरक्षण आदेश मिळतो, त्यातच मुलीचा तात्पुरता ताबाही मागता येतो. डॉक्टरकडे गेलात तर "जिन्यावरून पडले" म्हणू नका. फोटो तुमच्या एकटीच्या नव्या ईमेलवर, आणि एक प्रत आईकडे. मग तिथलाच कौटुंबिक वकील धरून मुलीला भारतात नेण्याची परवानगी कोर्टाकडे मागा. वेळ लागेल, पैसे लागतील. जिवावरच बेतलं तर अर्थात आधी निघा, शेल्टरमध्ये जा, कागद नंतर.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: मुलीच्या पासपोर्टची मुदत आजच बघून ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणजे तिचा संपत आला असेल. आणि एकट्या ताब्याचा आदेश हातात नसेल, तर नव्यासाठी सहसा दोन्ही पालकांची संमती लागते. माहेरी आल्यावर ती सही तुम्ही त्याच माणसाकडे मागायला जाणार आहात.