जलमार्ग आणि रेल्वे यांमुळे छोटे गाव कसे वाढते?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आजच्या बांगलादेशातील गोआलंदो. पद्मा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या संगमावरील या लहानशा गावापर्यंत 1871 मध्ये कलकत्त्याहून रेल्वे आली, आणि रात्रभर प्रवास करून उतरलेले प्रवासी येथूनच ढाक्याकडे व आसामकडे जाणाऱ्या आगबोटींत चढू लागल्याने गावाचे मोठे बंदर झाले. बोटीवरचे खलाशी मोहरीच्या तेलात, भरपूर कांदा-लसूण व लाल मिरची घालून जो कोंबडीचा रस्सा शिजवत, तो प्रवाशांच्या कायम स्मरणात राही. मात्र ज्या नदीने गाव घडवले, तिनेच ते पोखरलेही: 1875 मध्ये संरक्षक बांध वाहून गेला आणि त्यानंतर स्थानक वारंवार हलवावे लागले. माझ्या मते, या गावाच्या वाढीइतकीच ही अस्थिरताही अभ्यासण्यासारखी आहे.