तो सॅक की ती सॅक?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलच्या ब्रूस स्मिथवरच्या एका अनुवादित मजकुरात 'कारकिर्दीत 200 पोती' असं वाचलं. मूळ शब्द 'सॅक'. मराठीत काय म्हणायचं?

पोती नक्कीच नव्हेत. डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागेच, चेंडू पुढे फेकायच्या आत क्वार्टरबॅकला (चढाईची सूत्रं हलवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) पाडलं, की बचावपटूच्या नावावर सॅक लागतो. अर्थात पोत्याशी नातं अगदीच नाही असंही नाही. हा शब्द रूढ केला लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा बचावपटू डीकन जोन्सने. तो सांगायचा, शहर उद्ध्वस्त करावं तसं हे. नाहीतर समोरच्या सगळ्यांना पोत्यात घालून वरून दांडक्याने बडवावं तसं. आपल्या सुरतेच्या लुटीलाही इंग्रजीत 'सॅक ऑफ सुरत'च म्हणतात. माणूस शब्दांचा शौकीन होता: मूळ नाव डेव्हिड, पण फोनच्या डिरेक्टरीत डेव्हिड जोन्स पायलीला पन्नास, म्हणून स्वतःच 'डीकन' झाला.

गंमत म्हणजे तो 1974च्या हंगामानंतर निवृत्त झाला आणि खेळाडूंचे सॅक अधिकृतपणे मोजायला लागले 1982मध्ये. म्हणजे शब्द ज्याचा, त्याच्याच खात्यावर शून्य! जुनी कागदपत्रं चाळून 2021मध्ये जाहीर झालेला अनधिकृत आकडा 173.5.

आता मराठी. कबड्डीतली 'पकड' सुचते खरी, पण ती टॅकलला चपखल; मैदानात कुठेही, चेंडू घेतलेल्या कुणालाही पाडलं तरी पकडच. 'लूट'ही जमत नाही, कारण क्वार्टरबॅकच्या हातचा चेंडू जात नाही, जमीन जाते, म्हणजे संघ मागे ढकलला जातो. माझं मत, सॅकच ठेवावा, पण पुल्लिंगी. पाठीवरची ती सॅक, खेळातला तो सॅक. तो माळ आणि ती माळ आपण सुखाने नांदवतोच की! वरच्या आकड्यातला .5 इथे कामी येतो. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा सॅक मिळतो. 'अर्धी सॅक' लिहून बघा, फाटकं दप्तर डोळ्यांपुढे येईल.

क्रियापद 'करणे', गोलसारखं. तेव्हा तुमचं वाक्य: ब्रूस स्मिथने 1985 ते 2003 या काळात 200 सॅक केले.