पणजीत राहायला येतोय. पोहायला आणि कयाक चालवायला सुरक्षित जागा कोणत्या?

तुम्हाला तरणतलावात पोहता येतं, दोघांची सिट-ऑन-टॉप कयाक (आत नव्हे, वर बसून वल्हवायची छोटी होडी) घरची आहे आणि पणजीच्या आसपास पाण्यात कुठे उतरावं असं तुम्ही विचारलंय. जागा सांगतो, पण मांडवीच्या मुखाशी जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. मिरामारला भरती चढत असताना पोरं कमरेएवढ्या पाण्यात आरामात डुंबतात. त्याच ठिकाणी ओहोटी जोरात असली की चांगला पोहणाराही बाहेर खेचला जातो.

म्हणून आधी भरतीचं गणित. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरती साधारण किती वाजता ते मिळतं. एकादशीला ११ × ¾ म्हणजे सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला १५ धरून सव्वाअकरा. पुढची भरती साडेबारा तासांच्या आतबाहेर. हा अंदाज आहे, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. नदीत वर चोडणच्या बाजूला ती थोडी उशिरा येते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, मीटरभर किंवा त्याहून कमी. आणि ते सारख्या वेगानं उतरत नाही: सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात ओढ सगळ्यात जास्त.

नवख्यासाठी दशमी ते द्वादशी सगळ्यात सोयीची, कारण भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते आणि उधाणाचा जोरही नसतो. चतुर्थी ते अष्टमी सकाळी बहुतेक वेळ ओहोटीच चालते, तेव्हा नदीच्या मुखाशी पोहायला जाऊ नका.

पोहायला मिरामारपेक्षा करंझाळे बरं, तेसुद्धा भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, किनाऱ्याला समांतर आणि छातीएवढ्याच पाण्यात. दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे राहा. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही, ‘गुडघ्यापर्यंत’सुद्धा नाही. शिरदोण-बांबोळीकडे लाटा कमी, पण ओहोटीला चिखल आणि कालवांचे धारदार खडक उघडे पडतात, त्यामुळे तिथे जुने बूट घालूनच उतरा. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं.

कळंगुट-कांदोळीसारख्या उघड्या किनाऱ्यावर लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मधेच गडद, शांत पट्टा दिसतोय, तर तोच धोक्याचा. पाणी तिथूनच परत समुद्रात जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. मांडवीच्या मुखाशी मात्र हा उपाय पुरत नाही, कारण ती ओढ चिंचोळ्या पट्ट्याची नसून अख्ख्या नदीची असते. तिथे प्रवाहाविरुद्ध झटू नका. वाहत वाहत मिरामार-करंझाळ्याच्या किनाऱ्याकडे तिरकं पोहत राहा. दूर कुठेतरी लागाल आणि चालत परत याल.

कयाकसाठी पणजीच्या धक्क्यासमोरचं पात्र टाळाच. कॅसिनोच्या बोटी, बेतीची फेरीबोट, बार्जेस (अवजड मालवाहू बोटी), सगळी तिथेच. बार्जवाल्याला कयाक दिसत नाही, दिसली तरी बार्ज थांबत नाही. ओलांडायचंच असेल तर काटकोनात, बार्जच्या पुढून कधीही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नांगरलेली बोट किंवा जेटीचा खांब: प्रवाह कयाक आडवी नेऊन त्यावर दाबतो, माणूस घाबरून पाण्याच्या बाजूला कलतो आणि कयाक उलटून त्याच्यासकट खाली ओढली जाते. आदळलातच तर अंग बोटीच्या बाजूला झुकवा आणि हातानं ढकलत सुटा. त्याहून बरं म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला अशा अडथळ्यांच्या जवळच जाऊ नका.

शिकायला चोडणच्या खारफुटीतले फाटे उत्तम. सलीम अली अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. भरतीच्या दोन तास आधी उतरा, पाणी तुम्हाला आत नेईल. भरती पूर्ण झाल्यावर तासाभरात बाहेर या. उशीर झाला तर फाटा रिकामा होतो आणि कयाक चिखलात बसते. तेव्हा उतरून ओढायला जाऊ नका, त्या चिखलात मांडीपर्यंत रुतायला होतं. आतच बसून पुढच्या भरतीची वाट बघा, म्हणूनच माणशी दोन लिटर पाणी न्यायचं. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतीच्या) बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, दिसलं की लांबून जा. दारातून पाणी जोरात सुटतं, तोंडाशी भोवरा होतो आणि ओहोटीला तिथे जाळं लावलेलं असतं.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, अफवा नव्हे. काठच्या भोम गावात पौष महिन्यात मातीची मगर करून पूजतात, ते काही हौसेनं नव्हे. तिथे वाटाड्याच्या बोटीतून फिरा, कयाकमध्ये हात-पाय पाण्यात सोडून नाही.

वारा विसरू नका. हिवाळ्यात पहाटे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मुखाशी हवा भरायची हलकी कयाक असेल तर ती नकळत बाहेर जाते. दुपारी तो उलटा समुद्राकडून येतो, आणि ओहोटीच्या पाण्याशी भिडला की आखूड, उभ्या लाटा उठतात. अकराच्या आत परत या. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि बार्जेससुद्धा तो ओलांडत नाहीत, मग कयाकचा प्रश्नच नाही.

निघताना मागच्या बाजूचं पाणी काढायचं बूच घट्ट आहे का बघा. सैल राहिलं तर पोकळीत हळूहळू पाणी भरतं, कयाक डुलायला लागते आणि कारण कळेपर्यंत उशीर होतो. लाईफ जॅकेट अंगात, चेन आणि पट्टे लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर घालता येत नाही. खांद्याशी धरून वर ओढा, हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. शिट्टी जॅकेटला बांधलेली, फोन बंद पाऊचमध्ये अंगावर, आणि अडचण आली तर ११२ लावा.

उलटून परत चढायची सवय आधी उथळ पाण्यात करा: कयाक सरळ करा, एकानं पलीकडून धरायचं, दुसऱ्यानं पाय मारत पोटावर आडवं चढायचं, मग कूस बदलून बसायचं. नंतर आतल्यानं पलीकडे झुकून तोल धरायचा आणि बाहेरच्याला घ्यायचं. दोघांनाही प्रत्येक जागेवरून जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

पाणी घाण असतं म्हणून सांतिनेजच्या खाडीत कधीच उतरू नका, आणि मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदीतही नाही, विशेषतः पायाला जखम असेल तर. कालवानं कापलं तर स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, खोल गेलेला काटा ओढू नका आणि दवाखाना गाठा.